मधात उतरलेलं झाड

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मधाच्या दुकानात गेलं की फळीवर एकाच मापाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या दिसतात, पण एकीचा रंग दुसरीला लागत नाही. कुठे फिकट सोनेरी, कुठे तांबूस, कुठे उजेडासमोर धरल्याशिवाय आरपार दिसणार नाही इतका गडद. चिठ्ठ्यांवर नावं असतात: जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी. जांभळाचा मध बोटानं जिभेवर टेकवला की आधी गोडी लागते आणि गिळताना घशाशी हलकी तुरट, किंचित कडवट चव रेंगाळते. शेजारच्या बाटलीत ती चव नसते. माशी मात्र बहुतेक वेळा एकच, सह्याद्रीतली सातेरी. कित्येकदा मधपेटीही तीच. बदललेला असतो तो महिना, आणि महिन्याबरोबर फुललेलं झाड.

झाड बदललं की मधात नेमकं काय बदलतं? साखर फारशी बदलत नाही. कोणताही मध घेतला तरी त्यात साधारण ८० टक्के साखरच असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. १७ ते २० टक्क्यांच्या आसपास पाणी. मग उरतात ते जेमतेम एक-दोन टक्के. त्या एवढ्याशा जागेत आम्लं, खनिजं, अमिनो आम्लं, माशीच्या लाळेतले एन्झाइम आणि झाडाकडून आलेली शेकडो संयुगं दाटीवाटीनं बसलेली असतात. जांभळाचा मध हिरड्याच्या मधाहून वेगळा ठरतो तो या शेवटच्या गटामुळे. रंग, वास, कडवटपणा आणि औषधी म्हणून सांगितले जाणारे बहुतेक गुण तिथूनच येतात.

मधाचे प्रकार पाडणं आपल्याकडे जुनंच आहे. चरकसंहितेत मधाचे चार प्रकार आहेत, सुश्रुतात आठ. पण ती वर्गवारी बहुतांशी माशीवरून केलेली आहे: माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक. प्राचीन वैद्यांनी माशी ओळखली, रंग टिपला, गुण सांगितले. फुलापर्यंत पोचायला मात्र रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली, आणि ते काम गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलं आहे.

झाड ही संयुगं माणसासाठी बनवत नाही. पानं खाणारी कीड, बुरशी, कडक ऊन यांच्याशी झुंजायला झाडाला रासायनिक हत्यारं लागतात. फिनॉलिक आम्लं आणि फ्लॅव्होनॉइड हे त्यांतले दोन मोठे गट. पानांत, सालीत, फळांत ती भरपूर असतात. त्यांतला थोडा अंश फुलातल्या मकरंदात आणि परागकणांत उतरतो. कामकरी माशी मकरंद पोटातल्या मधपिशवीत भरून पोळ्यात आणते, तो एकीकडून दुसरीकडे दिला जातो, पंखांच्या वाऱ्यानं त्यातलं पाणी उडवलं जातं. पातळ मकरंदाचा दाट मध होताना साखरेबरोबर ही संयुगंही आटून दाट होतात. झाडांच्या कळ्यांवरची राळ गोळा करून माश्या पोळ्याच्या फटी लिंपतात, त्या प्रोपोलिसमधूनही काही फ्लॅव्होनॉइड मधात येतात. युरोपातल्या मधात सापडणारे पिनोसेम्ब्रिन आणि क्रायसिन हे बरेचसे पॉप्लर झाडाच्या राळेतून आलेले असतात.

काही वेळा मात्र झाड मकरंदात मुद्दाम काही मिसळतं की काय असं वाटावं, अशी उदाहरणं सापडतात. कॉफीच्या आणि संत्र्या-लिंबाच्या फुलांच्या मकरंदात कॅफिन असतं. २०१३ साली ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या जेराल्डिन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. फुलाच्या वासाबरोबर कॅफिनयुक्त साखरपाणी मिळालेल्या मधमाश्यांपैकी २४ तासांनंतर तो वास लक्षात ठेवणाऱ्या माश्या नुसतं साखरपाणी मिळालेल्यांच्या तिप्पट होत्या. मकरंदातलं कॅफिन इतकं बेताचं असतं की माशीला कडू लागत नाही, पण स्मरण पक्कं होतं. माशी परत त्याच जातीच्या फुलाकडे वळते आणि झाडाचं परागीभवन साधतं.

अशा संयुगांवरून मधाचं मूळ झाड ओळखता येतं. संत्र्याच्या मधात हेस्परेटिन हा फ्लॅव्होनॉइड आणि मिथाइल अँथ्रानिलेट हे सुगंधी द्रव्य असतं. संत्र्याच्या बागेतला तो वास त्याचाच. रोजमेरीच्या मधात केम्फेरॉल, युरोपातल्या चेस्टनटच्या मधात कायन्युरेनिक आम्ल, स्कॉटलंडच्या माळांवरच्या हेदर झुडपाच्या मधात एलॅजिक आम्ल. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर आर्ब्युटस नावाच्या झाडाचा मध निघतो. तो चक्क कडू असतो आणि त्यात होमोजेंटिसिक आम्लाचं प्रमाण लक्षणीय असतं. तिथले लोक तो आवडीनं खातात.

या साऱ्या मधांत जगभर गाजला तो एक, न्यूझीलंडचा मनुका. त्याची गोष्ट तपशिलात सांगण्याजोगी आहे, कारण झाडातलं एक द्रव्य मधात येऊन काय करतं हे तिथे जितकं स्वच्छ उलगडलं तितकं दुसरीकडे क्वचितच उलगडलं असेल.

मनुका म्हणजे लेप्टोस्पर्मम स्कोपॅरियम, पांढऱ्या छोट्या फुलांचं झुडूप. तिथले मूळचे मावरी लोक त्याची साल आणि पानं औषधात वापरत आले. मध मात्र त्यांच्याकडे नव्हता, कारण मध साठवणारी माशीच त्या बेटांवर नव्हती. १८३९ साली मेरी बम्बी ही इंग्रज स्त्री जहाजातून दोन पोळी घेऊन तिथे उतरली आणि न्यूझीलंडला मधमाशी मिळाली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं मनुकाच्या मधाला भाव नव्हता. तो इतका चिकट आणि घट्ट की पोळ्यातून निघायला त्रास, वर चव उग्र.

१९८०च्या दशकात वायकाटो विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मोलन यांनी या मधाकडे लक्ष दिलं. मध जंतूंना मारतो हे तोवर माहीत होतं, आणि त्याचं कारणही. १९६३ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जोनाथन व्हाइट यांच्या गटानं दाखवलं होतं की माशीच्या लाळेतला ग्लुकोज ऑक्सिडेझ हा एन्झाइम मध पातळ झाला की कामाला लागतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो. कापल्यावर लावायला दवाखान्यात वापरतात तेच द्रव्य, पण अगदी सौम्य आणि सावकाश पाझरणारं. हे काम माशीचं, त्यामुळे कमीअधिक प्रमाणात ते बहुतेक मधांत चालतं. मोलन यांनी मधात कॅटेलेझ हा एन्झाइम घालून हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करून पाहिलं. इतर मधांची जंतूंवरची ताकद त्यानं बहुतांशी ओसरली. मनुकाची टिकून राहिली. म्हणजे त्यात माशीच्या पलीकडचं, झाडाकडून आलेलं काहीतरी होतं.

ते काय, हे कळायला २००८ साल उजाडलं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात थॉमस हेन्ले यांच्या गटानं ते द्रव्य शोधलं: मिथाइलग्लायॉक्सल. साध्या मधात ते किलोमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. त्यांनी तपासलेल्या मनुकाच्या नमुन्यांत ते साडेसातशे मिलिग्रॅमच्या वरपर्यंत गेलं होतं. मग आणखी एक उलगडा झाला. मनुकाच्या फुलातल्या मकरंदात मिथाइलग्लायॉक्सल नसतंच. तिथे असतं डायहायड्रॉक्सिॲसिटोन. मध डब्यात भरून ठेवला की महिन्यामहिन्यानं त्याचं मिथाइलग्लायॉक्सल होत जातं. म्हणून मनुकाचा ताजा मध बेताचा असतो आणि कोठारात काही काळ राहिलेला अधिक जोरकस.

औषध म्हणून नाव झाल्यावर किंमत चढली आणि किमतीपाठोपाठ भेसळही आली. अखेर न्यूझीलंड सरकारनं निर्यातीसाठी मनुका मधाची शास्त्रीय व्याख्या ठरवली आणि २०१८पासून लागू केली: चार ठरावीक रासायनिक संयुगं ठरलेल्या प्रमाणात हवीत आणि मनुकाच्या परागकणांचा डीएनए मिळायला हवा. एका झाडाच्या मधाची ओळख राखण्यासाठी एखाद्या देशानं घेतलेल्या कष्टांचं हे ठळक उदाहरण आहे, आणि जांभूळ, हिरडा, कारवी पिकवणाऱ्या मुलखानं ते लक्षात ठेवावं असं आहे.

जखमेवर मध लावण्याच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे, जरी तो फारसा कुणाला ठाऊक नाही. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांचा निबंध १९९१ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये छापून आला. भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांच्या जखमांवर त्यांनी मध लावला, निम्म्यांना त्या काळचं प्रचलित मलम सिल्व्हर सल्फाडायझिन. मध लावलेल्यांपैकी ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. एवढा मोठा फरक डोळ्यांत भरतो, आणि शास्त्रात असा फरक पुन्हा पुन्हा पडताळून घ्यावा लागतो. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं २०१५ साली निष्कर्ष काढला की वरवर भाजलेल्या जखमा मधानं नेहमीच्या पट्टीपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात. इतर अनेक प्रकारच्या जखमांबाबत तिनं इतकं ठाम विधान केलं नाही. जांभळाच्या मधावरही काम झालं आहे: आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना मधुमेही उंदरांच्या जखमा त्यानं लवकर भरून येताना दिसल्या. उंदरांवरचा प्रयोग तो, माणसापर्यंतची वाट अजून लांब आहे.

दवाखान्यात जखमेवर वापरला जाणारा मध घरातल्या बाटलीतला नसतो, हेही इथेच सांगायला हवं. मधात क्लोस्ट्रिडियम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. उष्णता दिली तर उपयोगी एन्झाइम मरतात, म्हणून वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. घरी खोल जखमेवर मध ओतण्याचा प्रयोग करू नये.

याच बीजाणूंमुळे एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवण्याची चाल अनेक घरांत आहे. मोठ्यांच्या आतड्यात हे बीजाणू निपचित राहतात. तान्ह्या बाळाच्या कोवळ्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मध कितीही शुद्ध, कितीही घरचा असला तरी हा धोका टळत नाही. चाल मायेपोटी आलेली आहे, पण ती थांबायला हवी.

खोकल्यावर मध ही आजीबाईच्या बटव्यातली गोष्ट मात्र चाचणीत टिकली. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००७ साली सर्दी-खोकल्याच्या १०५ मुलांवर कुट्टूच्या फुलांचा गडद मध वापरून पाहिला. झोपण्याआधी दिलेल्या एकाच मात्रेनं रात्रीचा खोकला काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला. नेहमीचं खोकल्याचं औषध दिलेल्या मुलांत असा स्पष्ट फरक दिसला नाही. कुट्टूचा मध निवडण्यामागे कारण होतं: गडद मधात फिनॉलिक संयुगं जास्त असतात. पुढे २०१२ साली इस्रायलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर निलगिरी, लिंबूवर्गीय आणि तुळशीकुळातल्या फुलांचे तीन वेगवेगळे मध आणि तुलनेसाठी खजुराचा पाक वापरला गेला. तिन्ही मध पाकापेक्षा सरस ठरले, पण तिघांत आपसांत फरक पडला नाही. म्हणजे खोकल्यापुरतं बोलायचं तर फूल कोणतं याला फार महत्त्व दिसत नाही.

झाडातल्या संयुगांचा सगळ्यात थेट लाभ कुणाला होत असेल तर खुद्द मधमाशीला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या मे बेरेनबॉम आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की परागकणांतून मधात येणारं पी-कूमॅरिक आम्ल माशीच्या शरीरातली विष निकामी करणारी जनुकं जागी करतं. साखरपाण्यात हे आम्ल नसतं. फुलोरा नसताना मधपाळ पेट्यांना साखरेचा पाक देतात, ते माश्या जगवायला गरजेचंच असतं. पण पोळ्यातला सगळा मध काढून घेऊन वर्षभर पाकावर ठेवलेली माशी कीटकनाशकांपुढे दुबळी पडण्याची शक्यता या शोधानं पुढे आणली. दुसऱ्या एका प्रयोगात नोझेमा या आजाराची लागण झालेल्या माश्यांपुढे वेगवेगळे मध ठेवले, तेव्हा त्या सूर्यफुलाच्या मधाकडे अधिक वळल्या, आणि त्याच मधाची जंतूंविरुद्धची ताकद जास्त होती. आजारी माशी आपलं औषध निवडते, असं संशोधकांनी त्यावरून मांडलं.

झाडाकडून येणारं सगळंच हितकारक असतं असं समजू नये. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठच्या डोंगरांत आणि नेपाळच्या हिमालयात काही जातींच्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांवरून मध निघतो. त्यात ग्रेयानोटॉक्सिन हे विष असतं. ते चेतापेशींतले सोडियमचे दरवाजे उघडेच ठेवतं. रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, माणूस भोवळ येऊन पडतो. इसवी सनापूर्वी ४०१ साली ग्रीक सेनानी झेनोफोन याचे सैनिक आजच्या त्राब्झोनजवळ असा मध खाऊन दिवसच्या दिवस उठू शकले नव्हते, अशी नोंद त्यानं स्वतः करून ठेवली आहे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत ही झाडं नाहीत, त्यामुळे इथल्या रानमधाला ही भीती नाही. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण या मधापुढे टिकत नाही.

आता मात्रेकडे येऊ, कारण मधाच्या जाहिरातीत तीच गाळली जाते. चांगल्या गडद मधात किलोमागे सगळी फिनॉलिक संयुगं मिळून काही शे मिलिग्रॅम भरतात. किलोला ५०० मिलिग्रॅम धरलं आणि छोट्या चमच्यात ७ ग्रॅम मध बसतो असं मानलं, तर एका चमच्यातून मिळतात साडेतीन मिलिग्रॅम. चहाच्या एका कपात याच वर्गातली द्रव्यं शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात. जांभळाचं मूठभर फळ, आवळा, डाळिंब यांच्यापुढे चमचाभर मध फारच मागे पडतो. या संयुगांचा खरा उपयोग दिसतो तो मध जिथे थेट टेकतो तिथे: जखमेवर, घशाच्या आतल्या पातळ पापुद्र्यावर. पोटातून रक्तात जाऊन चमचाभर मधानं मोठा आजार हटवावा, अशी अपेक्षा ठेवायला आधार नाही.

म्हणूनच 'मधुमेहींसाठी जांभूळ मध' ही जाहिरात धोक्याची आहे. जांभळाच्या बियांचं चूर्ण मधुमेहावर देण्याची परंपरा आहे, बियांवर प्रयोगही झाले आहेत. पण मध बियांचा नसतो, फुलातल्या मकरंदाचा असतो, आणि त्यात पाचातले चार हिस्से साखरच असते. जांभूळ मध रक्तातली साखर वाढवतो. मधुमेही माणसानं तो साखरेच्या हिशेबातच धरावा आणि गोळ्या किंवा इन्सुलिन त्याच्या भरवशावर कधीही कमी करू नये.

मग या सूक्ष्म संयुगांना महत्त्व कशासाठी द्यायचं? एक कारण अगदी व्यवहारातलं आहे: ती नसली तर मध मध उरत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं बाजारातल्या १३ नाममुद्रांचे मध जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. त्यांतले १० एनएमआर या प्रगत चाचणीत नापास झाले. ऊस आणि मक्याची साखर जुन्या चाचणीत पकडली जाते. तांदळासारख्या पिकांपासून केलेला पाक त्या चाचणीला चकवतो. एनएमआर चाचणी मधातल्या असंख्य संयुगांचा एकत्र नकाशा काढते आणि खऱ्या मधांच्या नोंदींशी ताडून पाहते. पाकात गोडी असते, दाटपणा असतो, रंगही आणता येतो. झाडाकडून आलेली ती सगळी दाटीवाटी मात्र हुबेहूब उभी करणं फार अवघड.

घरी करायच्या चाचण्यांवर त्यामुळे विसंबू नये. पाण्याच्या पेल्यात मधाचा थेंब तळाशी जाणं, कागदावर न पसरणं, कापसाची वात मधात बुडवून पेटवणं, यांतल्या कशानंही भेसळीचा पाक ओळखता येत नाही. तळाशी रवाळ साखर जमली म्हणून मध फेकून देणारे लोकही पुष्कळ आहेत. ग्लुकोज जास्त असलेला मध थंडीत गोठतोच. सूर्यफुलाचा आणि मोहरीचा मध तर लवकर गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो मोकळा होतो. थेट आचेवर धरू नये. जास्त उष्णतेनं माशीचे एन्झाइम निकामी होतात, सुगंधी द्रव्यं उडून जातात आणि एचएमएफ नावाचं द्रव्य वाढत जातं. भारतीय मानकात त्याची कमाल मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. आयुर्वेदानं मध तापवू नये असं बजावलं आहे. तापवलेला मध नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यानं विषबाधा होते असा आधुनिक पुरावा नाही, पण तापवलेल्या मधातून फुलाचा पुष्कळसा अंश निघून जातो, हे मात्र नक्की.

सह्याद्रीतल्या मधांच्या अभ्यासाला लागणारी सामग्री आपल्याकडे नाही असं नाही. पुण्यात १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. मधातल्या परागकणांवरून फूल ओळखण्याचं शास्त्र आपल्याकडे रुजलेलं आहे. एखाद्या मधाला एका फुलाचं नाव द्यायचं तर त्या फुलाचे परागकण साधारण ४५ टक्के तरी असावेत, असा सर्वमान्य दंडक आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, पाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्यातलं पाटगाव. पण मनुकाला मिळाली तशी रासायनिक ओळख जांभळाच्या, गेळ्याच्या किंवा हिरड्याच्या मधाला मिळालेली नाही. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या कारवीच्या मधाचं तर बोलायलाच नको. संधी चुकली की पुढचा नमुना हाती यायला तितकीच वर्षं थांबावं लागतं. हे काम व्हायला हवं, आणि ते महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनीच करायला हवं. तो मध इथे पिकतो, त्याचा भाव इथल्या मधपाळाला मिळायचा आहे.

ग्राहकाच्या हातातही बरंच आहे. मध घेताना 'शुद्ध आहे ना?' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या फुलाचा, कोणत्या महिन्यात काढलेला, पेटीतला की आग्या मोहोळाचा, तापवलेला की नुसता गाळलेला, हे विचारा. ज्याला ही उत्तरं ठाऊक आहेत त्याच्याकडून घ्या. सातेरीच्या पेटीतून वर्षाकाठी निघणारा मध मोजकाच असतो, आणि त्यासाठी मधपाळाला जांभूळ, हिरडा, गेळा ही झाडं उभी असलेलं रान लागतं. त्या मधाला कारखान्यातल्या पाकाच्या भावात मागू नका; दोन पैसे जास्त मोजा.